व्यंगचित्रावरून वाद पेटला तर: रेषेपासून शिवाजीनगर कोर्टापर्यंत

चौकटीच्या आत तारीख घाला. सहीशेजारी दिवस, महिना, वर्ष, आणि जमलं तर ज्या बातमीवर चित्र आहे तिचे दोन शब्द. चित्राखालची ओळ, पोस्टमधला मजकूर, अंकाचं पान हे सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर पहिल्याच उडीत गळून पडतं. उरते ती चौकट, आणि ती पोलीस ठाण्यात पोहोचते तेव्हा ती कशावर होती हे सांगायला कोणी नसतं.

इंदूरचे व्यंगचित्रकार हेमंत मालवीय यांचं २०२१ सालचं, कोविड लशींच्या काळातलं चित्र मे २०२५ मध्ये दुसऱ्याच विषयावरच्या मजकुरासह पुन्हा फिरलं आणि गुन्हा दाखल झाला. जुलैत मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने अटकपूर्व जामीन नाकारला, १५ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने संरक्षण दिलं. त्याआधीचं उदाहरण तर पुण्याच्या दारातलं आहे. व्यंगचित्रकार शंकर यांनी १९४९ साली राज्यघटनेच्या गोगलगाईवर बसलेले बाबासाहेब आणि मागे चाबूक घेतलेले नेहरू काढले. ते चित्र एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात आलं आणि मे २०१२ मध्ये संसदेत वादळ उठलं. योगेंद्र यादव आणि सुहास पळशीकर यांनी त्या पुस्तकाचं सल्लागारपद सोडलं, आणि पळशीकरांच्या पुणे विद्यापीठातल्या कार्यालयाची मोडतोड झाली. चाबूक कोणावर उगारला आहे, गोगलगाईवर की माणसावर, हे १९४९ च्या वाचकाला सांगावं लागलं नसतं. २०१२ च्या वाचकाला ते आपोआप कळेल हे गृहीत धरणं महागात पडलं. जुनं चित्र पुन्हा छापताना दोन ओळींची टीप चित्राला चिकटून, त्याच चौकटीत द्या. पानाच्या तळाशी दिलेली टीप दिली नाही असंच समजा.

छापण्याआधी

प्रत्येक राजकीय चित्रामागे एक पातळ फाईल ठेवा. तिच्यात ज्या बातमीवर चित्र आहे तिचं कात्रण तारखेसह, पेन्सिलचे कच्चे आराखडे, ओळीचे बदललेले मसुदे आणि संपादकाशी झालेली ई-मेल असू द्या. पाच मिनिटांचं काम आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९९ ला (धार्मिक भावना दुखावणं), म्हणजे जुन्या २९५-अ ला, ‘बुद्धिपुरस्सर व दुष्ट हेतू’ लागतो. कलम १९६ मध्येही (गटागटांत वैर पसरवणं), म्हणजे जुन्या १५३-अ मध्ये, हेतू हाच गाभा असतो. हेतू नव्हता असं नंतर शपथेवर सांगण्यापेक्षा त्या दिवशीचं कात्रण जास्त बोलतं.

मग चित्रावर एक नजर फक्त चिन्हांसाठी फिरवा. आशय काहीही असो, काही वस्तू काढल्या की वेगळा कायदा लागू शकतो. तिरंगा आणि राज्यघटना यांच्यासाठी १९७१ चा राष्ट्रीय सन्मान कायदा आहे. सिंहमुद्रेसाठी २००५ चा स्वतंत्र कायदा आहे. भारताचा नकाशा तर सगळ्यात जास्त दुर्लक्षित. सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाशी न जुळणारा नकाशा छापला तर १९६१ च्या एका कायद्याखाली सहा महिन्यांपर्यंत कैद आहे, आणि चित्रकार नकाशा हातानेच काढतो, उत्तरेचं टोक घाईत कापतो. राजकारण्याच्या नाकापेक्षा नकाशाचं डोकं नीट काढा.

दलित-आदिवासी समाजाला वंदनीय असलेली दिवंगत व्यक्ती चित्रात असेल तर अधिक सावध राहा. अ‍ॅट्रॉसिटी कायद्याच्या कलम ३(१)(v) मध्ये अशा व्यक्तीच्या अनादराचा उल्लेख आहे, आणि कलम १८ मुळे या कायद्याखालच्या गुन्ह्यात अटकपूर्व जामिनाचा मार्ग जवळजवळ बंद होतो. म्हणजे पुढे जे काही लिहिलं आहे त्यातली पहिली ढालच हातात राहत नाही. अशी व्यक्ती काढूच नये असं नाही. पण चित्र टीका कोणावर करतं आणि ती व्यक्ती कोणत्या बाजूला उभी आहे, हे तीन सेकंदांत कळलं पाहिजे.

शब्दांचं पाहायचं तर मराठीत सगळ्यात धोक्याची जागा म्हणजे कोटी. सप्टेंबर २०१६ मध्ये ‘सामना’त मराठा मोर्चावर आलेल्या चित्रात ‘मूक’चा ‘मुका’ झाला होता. दगडफेक झाली, आणि चित्रकारापासून पक्षप्रमुखापर्यंत सगळ्यांना माफी मागावी लागली. कोटी सत्तेवर न पडता मोर्चात चालणाऱ्या माणसावर पडली, हे कारण. सोपी परीक्षा अशी की ओळ झाकून चित्र दाखवा, मग चित्र झाकून ओळ वाचून दाखवा, आणि ऐकणारा त्या समाजातला असू द्या. सदाशिव पेठेतल्या कचेरीत चार जण हसले म्हणजे परीक्षा झाली नाही.

दिवाळी अंक काढणाऱ्यांसाठी एक छपाईची सूचना. शंका असलेलं चित्र आधीच्या फर्म्यात, म्हणजे एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांच्या गठ्ठ्यात, टाकू नका, शेवटच्या फर्म्यात ठेवा. वकिलाचं उत्तर यायला चार दिवस लागतात आणि छापखाना थांबत नाही. एक पान काढायचं तर आठ किंवा सोळा पानांचा अख्खा फर्मा पुन्हा छापावा लागतो. आणि संपादक, मुद्रक, प्रकाशक म्हणून ज्यांची नावं आत छापता, त्या प्रत्येकाला चित्र आधी दाखवा. गुन्ह्यात नावं बऱ्याचदा त्याच ओळीवरून उचलली जातात, आणि आपलं नाव वाचून हबकलेला मुद्रक तुमच्याविरुद्ध पहिला जबाब देतो.

सरकार कोणत्या दाराने येतं

‘सरकारने कारवाई केली’ हे वाक्य काहीच सांगत नाही. वेगवेगळ्या दारांना वेगवेगळी कागदपत्रं आणि वेगवेगळी मुदत असते, म्हणून पहिलं काम दार ओळखणं.

आणीबाणीत, २६ जून १९७५ पासून, दार एकच होतं: आधी दाखवा, मग छापा. तरी अबू अब्राहम यांचं न्हाणीघराच्या टबातून वटहुकमांवर सह्या करणारे राष्ट्रपती दाखवणारं चित्र डिसेंबर १९७५ मध्ये छापून आलं. आज छापण्याआधी कोणी विचारत नाही, जे होतं ते नंतर. पोलिसांत गुन्हा हा नेहमीचा मार्ग. दुसरा आयटी कायद्याच्या ६९-अ खाली ऑनलाइन चित्र बंद करणं. तिसरा छापील अंकाची जप्ती. चौथा विधिमंडळाचा हक्कभंग, जो क्वचित येतो पण विसरू नये. तमिळ साप्ताहिक ‘आनंद विकटन’चे संपादक एस. बालसुब्रमण्यन यांना १९८७ मध्ये मुखपृष्ठावरच्या विनोदी चित्रावरून तमिळनाडू विधानसभेने थेट तीन महिन्यांची शिक्षा दिली. देशभर ओरड झाल्यावर दोन-तीन दिवसांत सोडलं, पुढे १९९४ मध्ये उच्च न्यायालयाने नुकसानभरपाई दिली ती एक हजार रुपये. त्याच समूहाची वेबसाइट फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली, कारण पुन्हा व्यंगचित्रच: ट्रम्प यांच्या शेजारी साखळदंडात बसलेले मोदी. मार्चमध्ये मद्रास उच्च न्यायालयाने, ते चित्र तूर्त काढण्याच्या अटीवर, वेबसाइट खुली करायला सांगितलं. एका चित्रासाठी अख्खी वेबसाइट, हे प्रमाण लक्षात ठेवा. चित्रं वेगळ्या डोमेनवर ठेवणं म्हणूनच शहाणपणाचं.

पाचवं दार सरकारी नाही, पण सरकार त्याच्या आडून येतं: जमाव. त्याच्याकडे नंतर येऊ.

राजद्रोहाचं काय? व्यंगचित्रकार असीम त्रिवेदी यांना सप्टेंबर २०१२ मध्ये मुंबईत १२४-अ खाली अटक झाली, महिनाभरात राज्य सरकारने तो आरोप सोडला. मार्च २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला त्यात गंमत अशी, की या चित्रांत विनोद नाही, नुसता संताप आहे, असं म्हणूनही न्यायालय चित्रकाराच्या बाजूने उभं राहिलं. चित्र चांगलं असणं ही अट नाही. त्या निकालानंतर गृहखात्याने ऑगस्ट २०१५ मध्ये काढलेलं परिपत्रक इतकं सैल शब्दांत होतं की नेत्यावरची टीकाही राजद्रोहात बसावी. टीका झाल्यावर ते मागे घ्यावं लागलं. १ जुलै २०२४ पासून १२४-अ नाही, पण न्याय संहितेचं कलम १५२ आहे, आणि त्यात जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. ते कलम दिसलं की बाकी सगळं बाजूला ठेवून फौजदारी वकील गाठा.

फोन आला की

बहुतेक वेळा सुरुवात कागदाने होत नाही. ‘साहेबांनी बोलावलंय, जरा येऊन जा’ असा फोन येतो. उद्धट होऊ नका आणि लगेच निघूही नका. तीन गोष्टी विचारा: ठाणं कोणतं, अधिकाऱ्याचं नाव व हुद्दा काय, आणि हे अर्जचौकशीकामी (गुन्हा नोंदवण्याआधी तक्रारअर्जावर होणारी चौकशी) आहे की गुन्हा दाखल झाला आहे. मग ‘लेखी पाठवा, येतो’ एवढंच सांगा आणि फोनची वेळ वहीत लिहा.

अर्जचौकशी असेल तर तुम्ही अजून आरोपी नाही, आणि हाच सगळ्यात कामाचा टप्पा आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(३) नुसार, तीन वर्षे किंवा अधिक पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात पोलीस उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या परवानगीने आधी प्राथमिक चौकशी करता येते, मुदत १४ दिवस. पुणे शहरात हा दर्जा सहायक पोलीस आयुक्ताचा. व्यंगचित्रांवर लावली जाणारी १९६ आणि २९९ ही कलमं बरोबर याच पट्ट्यात बसतात. इम्रान प्रतापगढी प्रकरणात २८ मार्च २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बोलण्या-लिहिण्याच्या गुन्ह्यांत ही चौकशी करणंच योग्य असल्याचं सांगितलं, आणि शब्दांचा परिणाम खंबीर मनाच्या माणसावर काय होईल यावरून जोखा, दुबळ्या आणि डळमळीत मनाच्या नव्हे, ही कसोटी पुन्हा मांडली. ती मूळची १९४६ सालची, आपल्या नागपूरच्या न्यायालयाची.

म्हणून सहायक आयुक्तांच्या नावे एक पानाचं निवेदन तयार करा. पहिल्या परिच्छेदात चित्र कोणत्या तारखेचं, कोणत्या बातमीवर. दुसऱ्यात ते कोणत्या निर्णयावर किंवा पदाधिकाऱ्यावर टीका करतं. तिसऱ्यात कलम १७३(३) खाली प्राथमिक चौकशीची विनंती. सोबत कात्रण आणि पूर्ण चौकट. चित्राचा अर्थ तीन वाक्यांपेक्षा जास्त समजावू नका. जितकं समजवाल तितके नवे अर्थ निघतात. दोन प्रती न्या, एकीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. पोचपावतीशिवाय दिलेलं निवेदन दिलेलं नसतं.

बदनामीची तक्रार असेल (न्याय संहितेचं कलम ३५६) तर गोष्ट सोपी. तो अदखलपात्र गुन्हा आहे, पोलीस परस्पर गुन्हा नोंदवून तपास करू शकत नाहीत. म्हणूनच तक्रारदार बदनामीबरोबर १९६ ही लावायचा आग्रह धरतात. १९६ साठी दोन गट लागतात. एक नेता म्हणजे गट नव्हे, हे निवेदनात लिहा.

गुन्हा दाखल झाल्यावर

एफआयआरची प्रत मिळवा. २०१६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार संवेदनशील गुन्हे वगळता प्रत २४ तासांत पोलिसांच्या संकेतस्थळावर यायला हवी. नसेल तर अर्ज करा. प्रत हातात आल्याशिवाय समाजमाध्यमांवर एक शब्द लिहू नका. रागात लिहिलेली दुसरी पोस्ट हीच पुढे ‘हेतू’चा पुरावा होते. मालवीय प्रकरणातही नव्या मजकुराशी जोडलं जाणं हेच अंगाशी आलं.

सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात बहुधा नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची, पोलिसांपुढे हजर राहण्याची नोटीस येते (१९६ आणि २९९ सोडून यापुढची कलमं याच संहितेतली). तिचं पालन करत राहिलात तर, कारणं लेखी नोंदवल्याशिवाय, अटक करता येत नाही. न पाळलीत तर येते. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ही नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवर देऊन चालत नाही. पण तेवढ्यावर विसंबून घरी बसणं हा शुद्ध आगाऊपणा. वकिलामार्फत लेखी कळवा की रीतसर नोटीस द्यावी, हजर राहू. साक्षीदार म्हणून बोलावलं असेल (कलम १७९) तर स्त्रियांना आणि साठीपुढच्या पुरुषांना घराबाहेर बोलावता येत नाही. बुजुर्ग चित्रकारांच्या घरच्यांनी हे कलम फ्रिजवर चिकटवून ठेवावं.

जबाब दिला तर त्यावर सही करू नका. कलम १८१ नुसार पोलिसांपुढचा जबाब सही करायचा नसतो, तरी कागद पुढे सरकवला जातो.

अटकेची शक्यता वाटली तर शिवाजीनगरच्या सत्र न्यायालयात कलम ४८२ खाली अटकपूर्व जामिनाचा अर्ज. इथे आकड्यांची गफलत होते. जुन्या संहितेत ४८२ म्हणजे गुन्हा रद्द करण्याचा अर्ज होता, तो आता ५२८ झाला आहे. जुने निकाल वाचताना भल्याभल्यांची पाटी पुसते. रद्द करण्याचा अर्ज मुंबईला, उच्च न्यायालयात. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सुरू झालेल्या खंडपीठाकडे पुणे जिल्हा नाही.

गुन्हा दुसऱ्या राज्यात नोंदवला असेल तरी धावत तिकडे जाऊ नका. नोव्हेंबर २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार पुण्याचं सत्र न्यायालयही मर्यादित काळाचं संरक्षण देऊ शकतं, तेवढ्या वेळात तिकडचा वकील गाठायचा. एकाच चित्रावर अनेक ठिकाणी गुन्हे असतील तर ते एकत्र करण्यासाठी दाद मागता येते.

खटल्याचा कागद वाचताना वकिलाला एक गोष्ट आवर्जून विचारा: कलम २१७ ची मंजुरी आहे का? १९६ आणि २९९ मध्ये गुन्हा नोंदवायला मंजुरी लागत नाही, पण न्यायालयाने दखल घेण्याआधी सरकारची मंजुरी लागते. पुण्यात डेक्कन पोलीस ठाण्यात २००४ मध्ये शिवचरित्रावरच्या एका इंग्रजी पुस्तकाबद्दल नोंदवलेला गुन्हा सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये रद्द केला तेव्हा हेतू आणि सुटा उतारा हे दोन मुद्दे कळीचे ठरले: तुकडा उचलून गुन्हा ठरत नाही, लिखाण पूर्ण वाचायचं. चित्रालाही हेच लागू करून घ्या. पूर्ण चौकट, पूर्ण पान, पूर्ण अंक न्यायालयासमोर ठेवा.

फोन किंवा लॅपटॉप घेऊन जात असतील तर पंचनाम्याची प्रत मागा. त्यात आयएमईआय क्रमांक, यंत्राची अवस्था आणि हॅश व्हॅल्यू (साठवलेल्या माहितीचा डिजिटल ठसा) नोंदवायला सांगा, कारण इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रमाणपत्रात ती लागतेच. कलम १०५ नुसार झडती-जप्तीचं चित्रीकरण व्हायला हवं, ते झालं की नाही हे वेळेसह लिहून ठेवा. पासवर्ड वकिलाशी बोलल्याशिवाय देऊ नका. चित्रकाराचा खरा तोटा इथेच होतो. यंत्र महिनोन्‌महिने परत येत नाही आणि वीस वर्षांचं काम त्यात असतं. एक बाह्य डिस्क, दर रविवारी, दुसऱ्याच्या घरी.

चित्र दिसेनासं झालं तर

चित्र काढल्याची ई-मेल आली की पूर्ण हेडरसह (कोणी, कुठून, कधी पाठवली याची तांत्रिक नोंद) जतन करा, पानाचे स्क्रीनशॉट घ्या, दुव्याची नोंद करा. ६९-अ च्या २००९ च्या नियमांत चित्र टाकणाऱ्याला किंवा कंपनीला, किमान ४८ तासांची मुदत देऊन, समितीपुढे म्हणणं मांडायची संधी आहे. तातडीच्या आदेशात मात्र आधी बंद आणि मग समिती. आदेशाची प्रत सहसा मिळत नाही, कारण गोपनीयतेचा नियम आहे. तरी लेखी मागा, नकारही लेखी घ्या. उच्च न्यायालयात तोच पहिला कागद लागतो. कंपनीने स्वतःच्या नियमांखाली काढलं असेल तर आधी तिच्या तक्रार अधिकाऱ्याकडे, आणि त्याच्या निर्णयापासून ३० दिवसांत केंद्राच्या अपील समितीकडे.

छापील अंक जप्त झाला तर राजपत्रातली अधिसूचना शोधा. कलम ९८ नुसार तीत कारणं दिलेली असली पाहिजेत, आणि कलम ९९ खाली दोन महिन्यांत उच्च न्यायालयात जाता येतं, तीन न्यायमूर्तींपुढे. त्याच शिवचरित्राच्या बंदीविरुद्धची याचिका लेखकाने किंवा प्रकाशकाने केली नव्हती, तरी बंदी उठली, आणि २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते कायम केलं. बदनामी हे जप्तीचं कारण होऊच शकत नाही, ते कलम ९८ च्या यादीत नाही.

जमाव आणि माफी

जानेवारी २००४ मध्ये त्याच शिवचरित्रावरून पुण्यातली भांडारकर संस्था फोडली गेली, मे २०१२ मध्ये विद्यापीठातलं कार्यालय. दोन्ही वेळा जमाव कायद्याच्या कितीतरी आधी पोहोचला. बालगंधर्व कलादालनात प्रदर्शन असेल तर चार दिवस आधी संबंधित ठाण्याला लेखी बंदोबस्त मागा. ‘कायदा-सुव्यवस्था बिघडेल, चित्र उतरवा’ असं तोंडी सांगितलं गेलं तर ते लेखी मागा. विरोध होईल म्हणून संरक्षण देता येणार नाही असं राज्य म्हणू शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगितलं आहे. मूळ चित्रं लावू नका, चांगल्या छापील प्रती लावा.

माफी मागायची की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न, पण मागायची तर शब्द वकिलाच्या नजरेखालून घाला. ‘आमच्याकडून भावना दुखावल्या गेल्या’ ही कबुली झाली. ‘कोणाच्या भावना दुखावल्या असल्यास खेद आहे, चित्र अमुक निर्णयावरचं होतं’ यात खेद आहे आणि हेतूही शाबूत. चित्र काढून टाकण्याआधी मूळ फाईल जपून ठेवा. पुरावा नष्ट केल्याचा आरोप मूळ आरोपापेक्षा सहज चिकटतो.

निकाल लागल्यावरही एक खेप राहते. जादवपूरचे प्राध्यापक अंबिकेश महापात्रा यांना ममता बॅनर्जींवरचं चित्र पुढे पाठवल्याबद्दल एप्रिल २०१२ मध्ये अटक झाली. त्यातलं आयटी कायद्याचं ६६-अ हे कलम सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये रद्द केलं, तरी खटल्यातून त्यांची सुटका जानेवारी २०२३ मध्ये झाली. तेव्हा फाईल फेकू नका. आदेशाच्या चार प्रमाणित प्रती काढा आणि एक ठाण्यात देऊन गुन्ह्याच्या नोंदीत निकाल चढवून घ्या. ते केलं नाही तर पासपोर्टच्या पडताळणीत तोच गुन्हा ‘प्रलंबित’ म्हणून पुन्हा निघतो.